मोठ्या ठोकळ्याचा गुलाबी गाभा

प्रिय सर,

तुम्ही गेल्याचं कळलं. परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजली वाहायला आलो, पण मंडपात शिरलो नाही. हायवेवरच्या टायरच्या दुकानातून तसाच, काळ्या हातांनी आलो होतो. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. कोणाशी बोलू? म्हणून तुम्हालाच लिहून राहिलो.

तुमच्या प्रयोगशाळेतला माझा शेवटचा तास! अगरच्या घट्ट जेलीचे लहानमोठे तीन गुलाबी ठोकळे तुम्ही ॲसिडात सोडले. ॲसिड पोचेल तिथला रंग उडायचा. लहानगा बघता बघता पांढराफटक! मोठा कापला, तर पोटात गुलाबी तसाच. मी ओरडलो, "मोठ्याले ॲसिडच कमी पडलं, सर!"

तुम्ही पट्टी पुढे केलीत. "मोज गा. मधला न् मोठा, दोघायचाही पांढरा पट्टा सारखाच आहे. ॲसिड एकाच चालीनं आत जाऊन राहिलं. मोठ्याचं पोटच खोल, त्याले ॲसिड काय करणार?"

वर्ग हसला. तुम्हीही हसलात, सर! आणि तेही शेजारच्या स्टुलावरच्या निशासमोर! मी बॅग उचलली ती उचललीच. कॉलेजच सुटलं, टायरच्या दुकानात कामाला लागलो. एकदा तरी दुकानावर यायचं होतं तुम्ही. माझा पारा तुम्हाला माहीत नव्हता का?

परवा निशाच मंडपाबाहेर आली. "काऊन गा, बाहेर उभा? सरायवर अजून राग आहे का?"

मग तिनंच सांगितलं. मी निघून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तेवढाच मोठा ठोकळा घेतलात, त्याचे आठ सारखे तुकडे केलेत आणि ॲसिडात टाकलेत. माल तेवढाच, पण ॲसिडला भिडायला जागा दुप्पट. आठही तुकडे आतपर्यंत पांढरे! "म्हणून तर आपल्या पेशी लहान असतात," म्हणालात. आणि माझ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून, "हे त्याले दाखवायचं होतं."

"मग मले काऊन नाही सांगितलं?" मी तिच्यावरच भडकलो.

"फोन उचलून राहिला होता का तू?"

वर्षभर मनात साठवलेलं सगळं तिला सांगायचं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर "आठही?" ती हसली. या वेळी राग नाही आला, सर. मीही हसलो.

"सोमवारी प्रॅक्टिकल सुरू होतात. ज्युनिअर पोट्ट्यायसोबत बसा लागंल. बसशील?"

"पाहतो," म्हणालो आणि सायकल हाणली.

तुम्ही मात्र फारच घाई केलीत! थोडं थांबायचं होतं ना!

सोमवारी येतो, सर. पोट्टे हसोत, निशा हसो. उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय वर्गाबाहेर पाय ठेवणार नाही.

तुमचा, अजूनही तापलेला,
राकेश