दोघांच्या वजनाची चाकं

७ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. हे फोनवर बोलायची सोय नाही. तुझा फोन वाजला की तुझ्या बापाचे, म्हणजे दादाचे, कान टवकारतात, आणि त्याचा अजून समज आहे की मी ती मोठी मोटरसायकल विकून टाकली. मी विकते म्हणाले होते. विकली असं कधी म्हणाले नव्हते.

तर मुद्दा असा. दर रविवारी आम्ही काही जण गावाबाहेरच्या विमानांच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर गाड्या पळवायला जातो. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची गाडी माझ्यासारखीच, वय माझ्याहून जास्त, पोट तर विचारूच नकोस. तरी प्रत्येक वळणावर ते मला मागे टाकतात आणि वर हात हलवतात. मी शेवटी विचारलंच. म्हणाले, सगळी जादू चाकांत आहे. कंपनीची चाकं काढून त्यांनी हलकी बसवली आहेत. एक सुटं चाक त्यांनी माझ्या हातात दिलं, तर मला ताट उचलल्यासारखं वाटलं! चष्म्याच्या दुकानात मी रोज गिऱ्हाइकांना सांगते, नाकावर जेवढं ओझं कमी तेवढं बरं. गाडीचं नाक मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तू दिवसभर कारखान्यात धातू तपासत असतोस, तर आत्याच्या उपयोगी पड. कुठली चाकं घेऊ? डॉक्टर म्हणतात त्यांच्याच ओळखीच्या दुकानातून घ्या. दादाला यातलं अक्षरही कळता कामा नये.

माया आहेच, वाढव.
तुझी आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं तुझं अक्षर बाबांनी ओळखलं. आत्याला माझ्यासाठी चष्म्याची नवी फ्रेम सुचवायची आहे, असं सांगून सुटलो. आता एक फ्रेम पाठव.

तुझे डॉक्टर खोटं बोलत नाहीत. फिरणारं चाक वळवताना ते हट्ट करतं, आणि जड असेल तर जास्तच. त्यातही मधल्या भागापेक्षा कडेचं वजन जास्त नडतं. चाक हलकं असलं की गाडी पटकन वळते, लवकर थांबते आणि खडबडीत रस्त्यावर कमी उडते. कार्बनची चाकं सगळ्यांत हलकी, पण एखादा खड्डा जोरात लागला तर आत काय तुटलं ते बाहेरून दिसत नाही. मॅग्नेशियमच्या चाकांचे फार लाड करावे लागतात. रंग खरचटला की ती गंजायला लागतात. तुझ्यासाठी ॲल्युमिनियमची घडीव चाकं बरी. घडीव म्हणजे प्रचंड दाबाखाली ठोकून घडवलेली. कंपनीची असतात ती ओतीव, साच्यात ओतलेली, म्हणून जाड आणि जड.

एवढं करून दोन्ही चाकांत मिळून वाचतील तीनेक किलो. दुपारच्या चहाबरोबरचा केक थोडे दिवस बंद ठेवलास तरी तेवढे वाचतील. (चाकावरचा किलो आणि कमरेवरचा किलो सारखा नसतो, हे मला माहीत आहे. रागावू नकोस.)

एक मात्र नक्की बघ. चाकावर बनवणाऱ्याचं नाव आणि किती भार पेलेल तो आकडा कोरलेला असतो. तो नसेल तर ते चाक भिंतीवर टांगायलाही घेऊ नकोस.

तुझ्या मायेचा धनी,
ढब्बू

२६ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

केकवरून केलेली चेष्टा लक्षात ठेवली आहे.

डॉक्टरांच्या चाकावर नाव नाही, आकडाही नाही. मी तसं बोलले तर ते फुगून बसले. म्हणाले, तीन पिढ्यांचे जबडे मी तपासले आहेत, मला कुणी कसा फसवेल? मी म्हटलं, मग या चाकाचाही जबडा तपासा. मी आपलं टोमणा म्हणून बोलले, पण गृहस्थ खरंच उठले! दवाखाना बंद करून गाडीचं पुढचं चाक काढून आत नेलं, रोग्याच्या खुर्चीत बसवलं, त्याच्यावर शिशाचा तो जड ॲप्रनही घातला. चाकाला कसला अपाय होणार, हे मी विचारलं नाही. ते इतके गंभीर होते की हसायचीही चोरी झाली. दाताच्या एक्स-रेची फिल्म एवढीशी असते, म्हणून प्रत्येक आऱ्यावर ती थोडी थोडी सरकवत फोटो घेतले. फिल्म धरायला मी होते. मधे एकदा त्यांनी सवयीने चाकाला आ करायला सांगितलं.

फोटोत काळे ठिपके दिसताहेत. डॉक्टर म्हणतात, तोंडात दिसले असते तर किडलेत म्हणून सांगितलं असतं, चाकात काय म्हणतात ते तुमच्या भाच्याला विचारा. सोबत सगळ्या फिल्म्स पाठवते आहे.

तुझ्यासाठी तपकिरी फ्रेमही ठेवली आहे. ती तुला अजिबात शोभणार नाही.

आत्या

३१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. डॉक्टरांना म्हणावं त्या चाकांवर गाडी अंगणाबाहेरही काढू नका. ते ठिपके म्हणजे धातूत अडकलेले हवेचे बुडबुडे आहेत. घडीव चाकात असे बुडबुडे राहतच नाहीत. घडीव म्हणून त्यांच्या गळ्यात ओतीव चाक मारलंय, तेही वजन कमी दिसावं म्हणून कातून बारीक केलेलं. आणि मधल्या भागापाशी एका आऱ्यात केसासारखी रेघ आहे. तो तडा असावा असं मला वाटतं. चाक ताबडतोब माझ्याकडे पाठवा.

आता वाईट बातमी. फिल्म्स मी टेबलावर पसरून बघत होतो आणि बाबा आत आले. दाताच्या फिल्म्स त्यांनी ओळखल्या, तुझं अक्षरही ओळखलं, आणि मटकन खाली बसले. छकूचे सगळे दात गेले आणि तिने मला कळवलंसुद्धा नाही, असं म्हणत डोळे पुसायला लागले. मला बघवेना. खरं सांगावं लागलं. डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. ते तुला लिहिताहेत. कागद फाटेल इतकं पेन दाबून लिहिताहेत.

माझ्यावरचा राग फार दिवस टिकवू नकोस.
ढब्बू

१ एप्रिल

चि. छकूस,
अ. आ.

तुझे दात शाबूत आहेत हे वाचून, म्हणजे ऐकून, बरं वाटलं. पुढचं वाचताना ते आवळून धर.

उभा जन्म मी विमा कंपनीसाठी चेपलेल्या गाड्या तपासण्यात घालवला. गाडी कशी पळते हे तुम्हाला कळतं, ती कशी थांबते हे मी बघितलं आहे. मी तुला ती विकायला सांगितली ती काही माझं घोडं पुढे दामटायला नाही. आई गेली तेव्हा तू शाळेत होतीस. तेव्हापासून तू घरी यायला उशीर केलास की मी खिडकीत उभा राहतो. आता वेगळ्या गावात राहतेस तरी सवय गेलेली नाही. इथल्या खिडकीतून दिसतं फक्त समोरचं गॅरेज.

आणि हा कोण दात उपटणारा? स्वतः भेगाळलेल्या चाकांवर फिरतो आणि माझ्या बहिणीलाही तीच घ्यायला सांगतो? त्याला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझा दादा

१४ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

दादाचं पत्र वाचून आधी हसले आणि मग हसू आवरून ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याला वेगळं लिहीनच.

तुमच्या तपासणीत तडा खरा निघाल्याचा तुझा निरोप डॉक्टरांना सांगितला.  ते म्हणाले, चाक काढण्याआधीच्या रविवारी मी तुम्हाला हात दाखवत पुढे गेलो, तेव्हा मी एकाच हाताने गाडी चालवत होतो. एवढंच बोलून माझ्या दुकानातल्या नंबर तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले. मी पाणी दिलं. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षरसुद्धा त्यांना वाचता येईना. चष्मा हातातच होता म्हणा. दुकानदाराने पैसे परत केले, पण डॉक्टरांनी कंपनीची जुनी चाकं कधीच विकून टाकली आहेत, त्यामुळे गाडी ठोकळ्यांवर उभी आहे.

मी घडीवच घेते आहे, नाव आणि आकडा असलेली. त्यात दोन प्रकार आहेत. एक अगदी हलकं, फक्त शर्यतीसाठी, एकट्याच्या वजनाचं. दुसरं थोडं जड. समज, सहज विचारते, मागे कुणी बसलं, चांगल्या भरल्या अंगाचं, तर कुठलं घ्यावं?

आत्या

२० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागे कुणी बसणार असेल तर दुसरंच घे, त्यात दुमत नाही. एकट्याच्या वजनाचं चाक दोघांखाली घालायचं नसतं. मागच्या चाकातले झटका सोसणारे रबर नवे टाकून घे, आणि बसवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा आवळून घे.

पण मला कळलं नाही. गेली दोन वर्षं तू मागची सीट काढून माळ्यावर ठेवली आहेस. कुणी बसू नये म्हणूनच ना? मी बाबांनाही विचारलं की आत्याच्या मागे बसायला कोण तयार होईल. त्यांनी तुझं पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं, आणि मला म्हणाले, ढब्बू, तू धातूच तपास. मग बराच वेळ खिडकीत उभे होते, पण रागावलेले वाटले नाहीत. आईला म्हणाले की माणूस निदान आपली चूक तपासून घ्यायला तयार होता.

हे काय चाललंय ते मला कुणी सांगेल का?
ढब्बू

११ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला कळलं आहे हे मला कळलं आहे, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

चाकं बसली. गाडी आता नुसतं बघितलं की वळते. पहिल्या फेरीला डॉक्टर मागे बसले. मी डावीकडे कलले की ते घाबरून उजवीकडे कलायचे. शेवटी गाडी थांबवून मी त्यांना सांगितलं की अंग सैल सोडा, काही दुखणार नाही. ते म्हणाले, हेच वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलतो, आज पहिल्यांदा कळलं की त्याने कुणाचंही अंग सैल पडत नाही. परत येताना मात्र नीट बसले. उतरल्यावर त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले. एवढ्या उशिरा हे शोभतं का, असं मी स्वतःला विचारून बघितलं. उत्तर येईपर्यंत थांबले नाही.

येत्या रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय, गाडीवरूनच. हळू येऊ, त्यामुळे खिडकीत फार लवकर उभा राहू नकोस. तुला चाकं तपासायची असतील तर तपास, पण आधी त्यांना बसायला सांग. गाडीची भीती गेली आहे त्यांची, तुझी तेवढी राहिली आहे.

आजवर माझ्या एकटीवर केलास तो लोभ यापुढे दोघांना पुरेल एवढा असावा, ही विनंती.

तुझी,
छकू