उसने दिलेले सात बाप

प्रिय जिपारा,

तुझं पत्र मिळालं. मिरलानशी बोलणं तोडलंस आणि वर लिहितेस, ‘बाबा, तुमचे सात बाप खरे, भावाशी लग्न होत नसतं.’ पोरी, ते खरे नाहीत.

चहाखाना बरा चाललाय. खिंडीतला रस्ता अजून उघडा आहे, त्यामुळे ट्रकवाल्यांची गर्दी. आत्याची जीभ होती तशीच. परवा एकानं उकडलेल्या मांतीच्या सारणात मटण कमी म्हणून कुरकुर केली, तर म्हणाली, मेंढी तुझ्यासारखीच होती रे, नुसती हाडं.

त्या दिवशी घोळ घातला तो हिनंच. मिरलानचे आईवडील मागणी घालायला आले, रोटी मोडली, मिरलाननं रीतीप्रमाणे आपल्या सात बापांची, म्हणजे सात पिढ्यांच्या पूर्वजांची, नावं म्हटली. मग तू उभी राहिलीस आणि मी शिकवलेले सात न अडखळता म्हणालीस. चौथं नाव दोघांचं एकच निघालं, आणि सातांत एक जरी जुळलं तरी आपल्यात लग्न होत नाही. “भावाच्या गळ्यात माळ घालतेस का गं?” आत्या म्हणाली. पाहुण्यांनी टोप्या उचलल्या आणि निघाले. मी मान खाली घालून बसलो. सगळ्यांना वाटलं, लाजेनं. खरं तर माझ्या एका वाक्यानं तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

लोक मला स्वतःच्या हिमतीवर वर आलेला म्हणतात, मीही म्हणवून घेतो. ट्रक धुणारा तोक्तोबेक हमरस्त्यावर चहाखान्याचा मालक झाला, ऐकायला छान वाटतं. ती जागा कुणी दिली, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. राजधानीतल्या एका वैद्यकीय केंद्रानं दिली, आणि जागेबरोबर नऊ दिवसांची तू दिलीस. बायको नुकतीच गेली होती, घर खायला उठायचं. अट अशी: विसाव्या वर्षापर्यंत जपायचं, सकस खाऊ घालायचं, मग परत करायचं. मी सही केली. दर शरदात पांढऱ्या गाडीतून येऊन तुझं वजन करणाऱ्या, रक्त नेणाऱ्या बाई आठवतात ना? त्या लस टोचणाऱ्या नव्हत्या, केंद्राच्या होत्या. अशा मुलांना पूर्वजांची नावं शिकवू नयेत, असंही त्या कागदात होतं. पण सहा वर्षांची असताना तू रडत घरी आलीस. पोरांनी विचारलं होतं, तू कुणाची, सात बाप सांग. त्याच संध्याकाळी तुला घोड्यावर पुढ्यात बसवलं आणि माझे सातही देऊन टाकले. ते देताना पुढचा विचार केला नाही.

काल गाडी पुन्हा आली, या वेळी तुला न्यायला, ठरल्यापेक्षा वर्षभर आधीच. बाई ड्रायव्हरशी हळू बोलत होत्या, पण माझे कान तुला माहीत आहेत. “मूळ बाईंची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडलीत. विशीची वाट बघायची नाही.” जिपारा, तू त्या मूळ बाईंची नक्कल आहेस. त्यांच्याच शरीरातल्या पेशीपासून, त्यांच्याचसाठी बनवलेली. तू ओश शहरात मैत्रिणीकडे गेलीस असं मी त्यांना खोटंच सांगितलं. ते तिकडे निघालेत, चार दिवस तरी मिळतील. तुझ्या अंगात माझं रक्त नाही, म्हणून मिरलान तुझा कुणी भाऊ नाही. हे पत्र ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती धाडतोय; ते त्याला दाखव, आणि आजच दोघं सीमेपलीकडे निघा. इकडे येऊ नकोस, मला जाब विचारायलासुद्धा नको. शिव्या घालायच्याच असतील तर घाल, पण आधी सीमेकडच्या गाडीत बस.

तुझाच,
अजून म्हणावंसं वाटलं तर, बाबा