डॉक्टरांच्या डब्यातली सांबारवडी

मंगळवार, संध्याकाळ

तीनदा साबण लावला, बोटांचा वास जात नाही.

आज डॉक्टरांच्या विभागीय चौकशीची सुनावणी होती. हजेरीपटावर ते पारशिवनीच्या सरकारी दवाखान्यात ड्युटीवर, आणि प्रत्यक्षात धरमपेठेतल्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये. तिकडे दवाखान्यात डॉक्टरच नाही, आणि कांताबाईंची सून बाळंतपणात गेली. कांताबाईंचा जबाब सकाळी मीच टाइप केला. दोनदा थांबावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांनी डबा उघडला. घरची सांबारवडी, आत भरपूर कोथिंबीर, तेलात तळलेली. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन उचलल्या आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, सक्त ताकीद देऊन मोकळं करू." मग डबा माझ्यापुढे आला. नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. खाल्ली. वर छान झाली म्हणालो. किळस येते स्वतःची.

बाहेर बाकावर कांताबाई बसल्या होत्या.

"बाबू, साहेब लोक आत काय करून राहिले?"

"जेवून राहिले."

"तुमी जेवले का?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. नाही म्हणालो. त्यांनी फडक्यातली भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

तीही खाल्ली मी. त्याच हाताने.