फक्त वाचण्यासाठी

३ जून, सोमवार
नाही म्हणजे नाही! शुक्रवारी पुस्तकाची चित्रं छापखान्यात द्यायची, आणि दादाची ही डिस्क एक फाईल आत घेईल तर शपथ! "फक्त वाचता येईल" — एवढंच घोकते. माझं टेबल, माझा संगणक, आणि लिहायची परवानगी मलाच नाही!

संगणकात विंडोजच्या जागी हे लिनक्स दादानेच बसवून दिलं. "एकदा शीक, जन्माचं सुख." सुख म्हणे!

४ जून
डिस्कची मालकी माझ्या नावावर केली. नाही. सगळ्यांना सगळ्या परवानग्या दिल्या. नाही. सुडो, म्हणजे सगळे अधिकार देणारा शब्द, लावून मालकिणीच्या थाटात हुकूम सोडला. तरी ढिम्म! छापखानेवाले काका फोनवर: "शुक्रवार चुकला तर मशीन दुसऱ्याला देईन हं." तीन महिन्यांचं काम आहे माझं!

दादाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. मेले तरी विचारणार नाही. वर्षभर अबोला आहे.

५ जून
गेल्या वर्षीचं आठवून पुन्हा डोकं फिरलं. आई एवढी आजारी होती आणि मला कळवलं नाही! "आईच म्हणाली, तिला घाबरवू नकोस," हे दादाचं उत्तर. ती गेली त्या आठवड्यात मी फोनमधले तिच्या आवाजातले सगळे निरोप पुसून टाकले. दोघांचाही राग होता. दादा घरी आला तेव्हा त्याला तोंडावर सांगितलं.

"पुसलेस?"

"हो! माझे होते! तिचं नाव काढू नकोस माझ्यापुढे!"

तो दहा मिनिटं माझ्या संगणकावर काहीतरी टाइप करत बसला. मग ही डिस्क इथेच ठेवून निघून गेला.

६ जून
दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, परवानग्यांशी कुस्ती कशाला? डिस्क जोडतानाच फक्त वाचायला जोडली जातेय. कुठली डिस्क कशी जोडायची ते एफएसटॅब नावाच्या फाईलमध्ये असतं, ती बघा, कोणीतरी तसं लिहून ठेवलंय."

कोणीतरी! उद्या सकाळी सरळ फॉरमॅट, सगळी डिस्क कोरी. आत दादाच्या बॅकअपचे ढीग आहेत, मी उघडूनही पाहिले नाहीत. गेले खड्ड्यात!

७ जून
फॉरमॅटआधी ती फाईल उघडली, नुसतं शिव्या द्यायला. डिस्कच्या ओळीच्या वर दादाने लिहिलंय: "मिरचे, तुझा फोन बदलला तेव्हाचा बॅकअप यात आहे. आईचे निरोप आहेत. रागात पुसशील म्हणून कुलूप. राग उतरला की खालची ओळ खोड."

नवी डिस्क आणली. चित्रं छापखान्यात गेली.

ओळ खोडलेली नाही. राग अजून आहे.