दुसरी वाटी

देरा, दुबई
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय अक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इथे आता हवा बरी आहे, खिडकी उघडी ठेवता येते. सत्यजितचं ऑफिस नेहमीसारखं चाललंय. मीही बरी आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या साहेबांनी आम्हाला जेवायला नेलं, ते सांगायचं राहिलं. लाऊसाहेब हाँगकाँगचे. त्यांची म्हातारी आई आली होती, म्हणून इथल्या एका जुन्या चिनी चहाघरात. तिथे सकाळी चहाबरोबरच जेवतात. बांबूच्या डब्यांची ढकलगाडी टेबलांमधून फिरते, हवा तो डबा उतरवून घ्यायचा. आत कोलंबी भरलेली वाफवलेली पुरचुंडी इतकी नाजूक, की आईच्या मोदकाची पारी जाड वाटावी. कुणी चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटकवून आभार मानायचे. मी तसं केलं, तर आजी खूश.

"आई विचारतेय, सत्यजितची बायको एवढी बारीक कशी? मी पगार देत नाही की काय?" साहेब म्हणाले.

"पगार पोचतो सर, जेवण पोचत नाही. हल्ली वासानंच उठते," सत्यजित बोलून गेला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. तिसरा महिना भरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, ही आईची शिस्त तुला माहीतच आहे.

शेवटी आजींनी गोड, गरम काहीतरी वाटीत घालून माझ्यापुढे ठेवलं. मोठ्यांनी स्वतः वाढलेलं त्यांच्यात परत करत नाहीत. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. केशरी फोडी होत्या. मला वाटलं, भोपळा.

पपई होती, अक्का.

पुढच्या आठवड्यात पोटात दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये नर्स माझा हात धरून म्हणाली, "खलास, बेटा." इथे काहीही संपलं की हाच शब्द.

डॉक्टर म्हणाल्या, पिकल्या पपईनं असं होत नाही, सुरुवातीला पुष्कळांचं जातं. सत्यजित रोज तेच सांगतो. त्याला मी "नकळत खाल्लं" एवढंच सांगितलंय.

तसं नव्हतं. पहिल्याच घासाला मला वास कळला होता. पण कितीतरी दिवसांनी भूक लागली होती, खाल्लेलं पोटात राहत होतं. मी वाटी संपवली आणि आजींपुढे पुन्हा धरली. त्यांनी हसत काठोकाठ भरली. तीही मी चाटूनपुसून खाल्ली. इतकं छान लागलं.

आईला अजून काही कळवलेलं नाही. ती फोनवर विचारते, आवळासुपारी कुणाबरोबर पाठवू? मी म्हणते, घाई नको. तिला तूच सांग, माझ्यानं होणार नाही. पपईचं सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तू लिहिशील, यात तुझा दोष नाही. मला ते पटणार नाही. तरी लिही.

तुझी, आता एकटीच,
पर्णिका