चार बोटांचे पट्टे

देवास. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

चार बोटांचे पट्टे. परवा ह्यांनी मला मागच्या भिंतीवर ढकललं. वरणात मीठ कमी, म्हणून! पडू नये म्हणून भिंत धरली, तर शेवाळावरून हात सरकत खाली आला. हिरव्या भिंतीवर चार बोटं उमटून राहिली.

उद्या मनावर गावाहून ह्यांची थोरली बहीण येणार, म्हणून आज ह्यांनी तारेचा ब्रश काढला. घासलं कसलं, भिंतीला मारलंच. पोपडे उडत होते. तोच हात, तोच जोर. वाटलं, ब्रश हिसकावून ह्यांच्याच गालावरून ओढावा. वाटलं ते लिहिते आहे.

घासली ती फक्त चार बोटांची जागा. शेजारी कुंपणावरून ह्यांना म्हणाला, "भिया, पूरी दीवार पे काई है, इत्ती-सी जगह काहे रगड़ी?"

ह्यांनी ब्रश माझ्या पायांवर फेकला. "बाकीची तू घास. आजच."

नाही घासली. बोटं कुणाला दिसली नसती. आता परातीएवढा पांढरा चट्टा झालाय.

उद्या तुळशीपासून महालक्ष्म्या मीच घरात आणणार, त्याच भिंतीजवळून. वाटेत थांबत जायचं आणि वन्संनी दिवा धरून विचारायचं, "इथं काय आहे?" मग मी म्हणायचं, सोनं आहे, धान्य आहे. रीतच आहे तशी.

उद्या मी चट्ट्यापाशी थांबणार. वन्सं विचारतीलच.