बाहुल्या काचेआड जाणार नाहीत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बसच्या ड्रायव्हरची विधवा, धंदा बाहुल्यांचा खेळ करणे व मोडलेल्या बाहुल्या दुरुस्त करणे, राहणार गॅरेजमागच्या गल्लीतलं शेवटचं घर, आज सकाळी पोटभर खाऊन, कुणी न शिकवता आणि कुणाला न घाबरता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं आहे आणि तो कागद याला जोडला आहे. एरवी एवढी खबरदारी घेतली नसती. पण माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं वर्तमानपत्रात छापून आणलं की तिची एक वृद्ध नातेवाईक भ्रमिष्ट झाली आहे. मी गेल्यावरही ती हाच सूर लावणार. लाव म्हणावं.

भांडण कशाचं ते आधी सांगते, म्हणजे पुढची कलमं समजतील. आमच्या बाबांनी घरामागच्या शेडमध्ये कळसूत्री बाहुल्यांचा खेळ सुरू केला. दोऱ्यांना मी, आवाजाला धाकटी. बाबा गेल्यावर मी तो चालू ठेवला. दर रविवारी संध्याकाळी, फुकट. ज्याला वाटेल त्यानं पडद्यामागे यावं, बाहुली हातात घ्यावी, शिकावं. गल्लीतल्या फिटरची बायको अशीच शिकली आणि आता माझ्यापेक्षा बरी चालवते. धाकटी मात्र शिकूनसवरून वारसा केंद्राची संचालिका झाली. तेव्हा मला अभिमानच वाटला होता, खोटं कशाला बोलू. तिनं ‘कला लोकांच्या दारी’ अशी योजना काढली आणि पहिलं दार माझं ठोठावलं. “ताई, सहा बाहुल्या दे ना गं. दोन आठवड्यांत परत आणून देते. बाबांचं नाव होईल.” मी दिल्या.

उद्घाटनाला आमची गल्ली नटूनथटून गेली. बाहुल्या काचेच्या पेटीत आणि पुढे जाड दोरखंड. फोटोसाठी एका पेटीचं दार उघडं ठेवलं होतं. आमच्या शिंपीणकाकूंनी या प्रत्येक बाहुलीचे कपडे शिवले आहेत, धाकटीचे शाळेचे फ्रॉकही त्यांनीच शिवले. आता त्यांची दृष्टी गेली आहे. त्यांनी दोरखंडावरून हात पुढे केला तर रखवालदार ओरडला, “आजी, हात लावायचा नाही! वारसा आहे तो!”

“अरे बाळा, मला दिसत नाही. मी हातानंच बघते,” काकू म्हणाल्या.

धाकटी शेजारीच उभी होती, हातात फितीची कात्री. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग “काकू, नंतर बघू हं,” म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली. मी काकूंना हाताला धरून घरी आणलं. दारात आल्यावर एवढंच म्हणाल्या, “माझे हात स्वच्छ होते गं.” मी मेल्यावरही हे कुणी विसरू नये म्हणून इथे लिहिलं आहे.

दोन आठवडे झाले, चार झाले. बाहुल्या मागायला गेले तर धाकटी म्हणते, “ताई, त्यांची नोंद झाली. आता त्या संस्थेच्या.” म्हणजे मागायला आलेली पाहुणी घराची मालकीण झाली. मग मी फिटरला घेऊन गेले. भर दिवसा, लोकांदेखत, त्यानं पेट्यांचे स्क्रू काढले आणि आम्ही बाहुल्या पावाच्या टोपलीत घालून घरी आणल्या. यालाच ती चोरी म्हणते. चोराच्या उलट्या बोंबा!

घरी आणून बघते तर काय, सांध्यांतल्या चामड्याच्या बिजागऱ्यांत गोंद भरलेला. फोटोत ऐटीत उभ्या राहाव्यात म्हणून. पाणक्याची मान वळेना, नर्तकीचा हात वर गेलेला तो खाली येईना. परक्यानं केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण सांधा म्हणजे काय, हे धाकटीला बाबांनी मांडीवर बसवून शिकवलं आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! तो सगळा उन्हाळा मी गरम पाणी आणि पातं घेऊन बसले होते.

आता वाटण्या.

कलम पहिलं. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या मुलाला. मुलगा मनानं चांगला आहे, पण कुणी गोड बोललं की विरघळतो. त्याच्या मावशीनं त्याला देणगीदार म्हणून संगमरवरी पाटी कबूल केली, तर हा मला विचारायला आला, “आई, तुझ्यानंतर बाहुल्या मावशीला देऊन टाकू का? निदान जपल्या तरी जातील.” त्यावर सूनबाईनं त्याला कोपरानं ढोसलं, ते मी बघितलं. म्हणून बँकेतली शिल्लक सूनबाईच्या एकटीच्या नावे. पाटीच हवी असेल तर त्यानं दारावरची पुसावी, बापाची आहे.

कलम दुसरं. शेड, पडदा, दिवे, बाकं, माझी पटाशी, कानशी आणि यच्चयावत बाहुल्या फिटरच्या बायकोच्या ताब्यात, गल्लीसाठी. अट एकच, बाहुल्या वापरायच्या. मोडली तर जोडा, फाटली तर शिवा, अगदीच गेली तर नवी करा. झिजून झिजून संपल्या तर मला आनंद आहे. कुणाचाही हात अडवायचा नाही. काकूंना जी बाहुली बघावीशी वाटेल ती त्याच दिवशी त्यांच्या घरी नेऊन त्यांच्या मांडीवर द्यायची. आणि वारसा केंद्राला बाहुल्यांच्या झग्याचं एक बटणसुद्धा द्यायचं नाही. यातली एक जरी बाहुली काचेआड दिसली, तरी शेड गॅरेजवाल्याला टायर ठेवायला जाईल. हा गॅरेजवाला माझा जन्माचा वैरी. खेळ रंगात आला की नेमका हॉर्न तपासायचा. त्याच्या घशात शेड जाऊ नये असं वाटत असेल तर गल्लीनं डोळ्यांत तेल घालून राहावं.

ड्रायव्हरसाहेबांचा गरम कोट केंद्राच्या रखवालदाराला. तो पोटासाठी ओरडला. पण दुसऱ्याच दिवशी काकूंच्या घरी येऊन हात जोडून माफी मागून गेला. संचालिकेला अजून वाट सापडलेली नाही.

कलम तिसरं. वारसा केंद्राला मी अगदीच विसरलेली नाही. सांध्यांतून खरवडून काढलेला गोंद मी काचेच्या बरणीत भरून ठेवला आहे. तो केंद्राला माझ्याकडून कायमची भेट. बाबांच्या नावानं दालन उघडणार असं त्यांनी पत्रकं छापून सांगितलं आहे ना, तिथे ठेवा. हा मात्र खुशाल काचेआड ठेवा, कुणीही हात लावायला येणार नाही.

शेवटचं कलम माझ्या बहिणीसाठी. हे मृत्युपत्र वकीलसाहेबांच्या बंद खोलीत वाचायचं नाही. रविवारी, शेडमध्ये, बाकं भरल्यावर मोठ्यानं वाचायचं आणि धाकटीला पुढच्या रांगेत बसवायचं. पुढची रांग तिला आवडते.

या हिवाळ्यात मी एक नवी बाहुली कोरली. नाव उद्घाटनबाई. डावी भुवई वर, ओठ मुडपलेले, नाकावर तारेचा चष्मा. हातात कात्री आहे, दोरी ओढली की उघडते आणि मिटते. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं बघितली आणि म्हणाला, “अहो ताई, ही तर तुमची...” म्हटलं, “गप बस, दाढी कर.” यापुढे प्रत्येक खेळाची सुरुवात उद्घाटनबाईनं व्हायची. ती फीत कापणार, लांबलचक भाषण ठोकणार, समोर बसलेल्यांना ‘स्थानिक जनता’ म्हणणार आणि शेवटी स्वतःच्याच फितीत पाय अडकून तोंडावर आपटणार. लोक हसतील. बाजारात, बसच्या रांगेत तिला बघून हसतील. मला तेच हवं आहे. वकीलसाहेब म्हणाले, “ताई, हा सूड झाला.” मग मी काय आशीर्वाद लिहायला बसले आहे का?

तिचा आवाज फिटरची बायको काढेल. बरा काढते. पण खरं सांगायचं तर तो आवाज धाकटीनंच काढावा. लहानपणी ती पडद्यामागून कजाग सासू बोलायला लागली की लोक पोट धरून हसायचे, आणि हसू दाबता दाबता माझ्या हातातल्या दोऱ्यांचा गुंता व्हायचा. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. गळ्यात एवढं असताना ही बाई फिती कापत बसली, याचाही राग माझ्या मनात आहे आणि तो काही लहान नाही.

म्हणून तिला एक हक्क देते. स्वतःच्या बाहुलीला स्वतः आवाज द्यावासा वाटला तर तिनं कुठल्याही रविवारी यावं. मागच्या दारानं यावं, जमिनीवर बसावं. तिला कुणी टोमणा मारायचा नाही. पाणी द्या, सरकून जागा करून द्या. काय बोलायचं ते तिचं तिनं ठरवू दे. फक्त दोऱ्या तिच्या हातात द्यायच्या नाहीत. बोलेल ती, नाचवेल गल्ली.

हे सगळं वकीलसाहेबांनी मला वाचून दाखवलं. एक शब्दही कमी करायचा नाही, असं सांगून मी सही केली आहे.

सही : गल्लीची ताई

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत ही सही झाली :
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचा न्हावी (सही)

फिटर आणि त्याच्या बायकोला लाभ असल्यामुळे सहीच्या वेळी वकीलसाहेबांनी बाहेर बसवलं होतं.

ठिकाण : घरामागची शेड
तारीख : नऊ फेब्रुवारी, साल वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे